गाडीची बॅटरी उतरली की होणाऱ्या चुका, आणि रोडसाइड असिस्टन्सबद्दलचे गैरसमज

गेल्या जुलैत कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाट लागायच्या आधी चहाला थांबलो. पाऊस होता, आई गाडीतच बसून राहिली, तिच्यासाठी आतला दिवा आणि गाणी चालू ठेवली. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर नुसती टक-टक-टक. विम्यासोबत घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्सला, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली की मदतीला येणाऱ्या सेवेला, फोन लावला. दीड तासाने माणूस आला, त्याने जंपस्टार्ट करून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करून दिली, आम्ही घाट उतरलो. साखरप्याच्या पुढे डिझेल भरायला इंजिन बंद केलं आणि पुन्हा तेच. दुसऱ्या फोनवर कळलं, की त्याच बिघाडासाठी त्याच प्रवासात पुन्हा मोफत सेवा आमच्या योजनेत नाही आणि नवी बॅटरी बसवली तर तिचे पैसे आमचेच. मी पॉलिसी वाचलेलीच नव्हती.

त्या दिवशी बॅटरीने मला अचानक गाठलं असं म्हणता येणार नाही. मे महिन्यापासून सकाळी सेल्फ जड जात होता. स्टार्ट करताना डॅशबोर्डचे दिवे मंदावत. एकदा घड्याळ आपोआप शून्यावर गेलं होतं. साडेचार वर्षांची, गाडीसोबत आलेलीच बॅटरी होती ती.

"चालतंय ना अजून" म्हणून थांबणं

बॅटरी थंडीने मरते, असं आपण ऐकलेलं असतं. आपल्याकडे तिला मारतो तो उन्हाळा. बॉनेटखालच्या उष्णतेने आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या झिजतात. साधा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी चढं राहिलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. पण इंजिन गरम असताना सेल्फला फारशी ताकद लागत नाही, म्हणून उन्हाळाभर दुखणं लपून राहतं. पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू असतात, गाडी ट्रॅफिकमध्ये रांगत असते, आणि तेव्हा ते उघडं पडतं. महाराष्ट्रात तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं सर्वसाधारण आयुष्य समजा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, आणि गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर, तीनच धरा. तिसऱ्या वर्षापासून दर मे महिन्याच्या शेवटी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी किती टिकते याची चाचणी, करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी चालू झाली नाही की बॅटरीलाच दोषी ठरवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. नवी बॅटरी बसवतात, आठ दिवसांनी तीही उतरते, मग दुकानदाराशी भांडण. खरा चोर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, असतो, किंवा गाडी उभी असताना गुपचूप करंट खाणारी एखादी वस्तू, किंवा टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड.

व्होल्ट मोजणारा काही शे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्याही खाली कोसळत असेल, तर ती थकली आहे. गाडी चालू झाल्यावर हेडलाइट लावून मोजा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर चार्ज करतोय. १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर बॅटरी कितीही नवी आणा, काम भागणार नाही.

करंट खाण्याचा हिशेब सोपा आहे. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी असते. बंद गाडीने ५० मिलिअँपिअर ओढले, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि महिन्याभरात बॅटरी संपते. सुस्थितीतली गाडी सहसा याहून कमी ओढते. पण डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम सरळ बॅटरीवर जोडला असेल, तर हा आकडा कितीतरी पट होतो. सुट्टीवरून परतल्यावर गाडी मेलेली सापडत असेल, तर आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हे मोजून घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुने मेकॅनिक अजूनही गाडी चालू असताना बॅटरीचं एक टर्मिनल काढून "अल्टरनेटर चालतोय का" ते पाहतात. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि गाडीचा संगणक, सेन्सर, म्युझिक सिस्टिम यांपैकी काहीही जळू शकतं. कुणी असं करायला पुढे आला तर त्याचा हात धरून थांबवा. मोठं माणूस असलं तरी थांबवा.

जंपस्टार्ट म्हणजे दुरुस्ती समजणं

जंपस्टार्टने इंजिन चालू होतं, बॅटरी भरत नाही. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला बनवलेला असतो. पूर्ण उतरलेली बॅटरी जागेवर दहा मिनिटं इंजिन घुमवून भरत नाही. म्हणूनच माझी साखरप्याला पुन्हा बसली. जंपस्टार्ट झाल्यावर इंजिन बंद न करता थेट बॅटरीच्या दुकानात किंवा घरी जा, आणि घरी गेलात तर बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा. उतरलेल्या अवस्थेत तिला आठवडाभर ठेवू नका. प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग चार्जरलाही ती दाद देत नाही.

जोडणीचा क्रम चुकवू नका. लाल क्लॅम्प उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. सोडवताना उलट क्रम. बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर जंपस्टार्ट करूच नका.

धक्का मारून चालू करणं फक्त मॅन्युअल गाडीसाठी, दुसऱ्या गिअरमध्ये. ऑटोमॅटिकला धक्का मारून काही होत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही लक्षात ठेवावं, की तिच्यातही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

नळाचं किंवा आरओचं पाणी घालणं

पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंतच. अॅसिड कधीही घालू नका, कारण उडतं ते पाणी. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, एसीतून ठिबकलेल्या पाण्यात धूळ आणि धातू येतात.

रोडसाइड असिस्टन्स म्हणजे बॅटरीचा विमा समजणं

आपल्याकडे तीन वेगवेगळे कागद असतात आणि संकटात आपण ते एकच धरून बसतो.

पहिला, गाडीचा विमा. झीज आणि यांत्रिक-विद्युत बिघाड साध्या वाहन विम्यातून स्पष्टपणे वगळलेले असतात. म्हणजे वयाने मेलेल्या बॅटरीचा क्लेम होत नाही. अपघातात बॅटरी फुटली तर सर्वसमावेशक (कॉम्प्रिहेन्सिव्ह) विम्यातून मिळतं, पण बॅटरीवर घसारा ५० टक्के धरला जातो, म्हणजे तेवढी रक्कम कापली जाते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा अॅड-ऑन (विम्यासोबत जादा पैसे देऊन घेतलेलं संरक्षण), घेतला असेल तर त्यातही बॅटरीबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

दुसरा, रोडसाइड असिस्टन्स. तो विम्याचा अॅड-ऑन असेल, गाडीच्या कंपनीचा असेल किंवा वेगळा विकत घेतलेला असेल. यात माणूस येतो, जंपस्टार्ट करतो, नाही झालं तर ठरावीक किलोमीटरपर्यंत टोइंग करतो. सुटा भाग, म्हणजे इथे बॅटरी, आपल्या खर्चाने. वर्षात किती वेळा बोलावता येईल, टोइंग किती किलोमीटर, त्याच बिघाडाला पुन्हा येतील का, हे तीन प्रश्न आजच पॉलिसीत शोधा. विमा कंपनी बदलली की जुना अॅड-ऑन आपोआप नव्या पॉलिसीत येत नाही. नूतनीकरणात शंभर-दोनशे रुपये वाचवताना हा पर्याय नकळत काढला जातो, तेही तपासा.

फोन करताना गाडी ऑटोमॅटिक आहे का, हँडब्रेक बटणाचा आहे का, हे आधी सांगा. मेलेल्या बॅटरीत असा ब्रेक सुटत नाही, गिअर 'पी'मधून हलत नाही. अशा गाडीला फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, लागतो आणि हुकवाली क्रेन आली तर दोन तास वाया जातात. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही नंबर चालतो. माणूस येईपर्यंत धोक्याचा लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा आणि सगळ्यांना गाडीबाहेर, रेलिंगपलीकडे उभं करा. पाऊस असला तरी.

तिसरा कागद म्हणजे बॅटरीची वॉरंटी, आणि बहुतेक वेळा खरे पैसे इथेच असतात. ३०+३० लिहिलेलं असेल तर पहिले ३० महिने मोफत बदली, पुढचे ३० महिने किमतीत प्रमाणशीर सूट. पण वॉरंटी बनावटीतल्या दोषासाठी असते. दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी दुकानदार चार्ज करून परत देईल, आणि ते बरोबर आहे. तो दोन दिवस ठेवून घेत असेल तर तोवर तात्पुरती सर्व्हिस बॅटरी मागा. रस्त्यात घाबरून बिलाशिवाय, शिक्क्याशिवाय बॅटरी बसवून घेतलीत तर हा कागदच हातात उरत नाही.

नवी घेताना

आधीच्याच अँपिअर-अवरची घ्या, टर्मिनल डावं-उजवं जुळवा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएमच, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या खास प्रकारची बॅटरीच. साधी स्वस्त पडते पण लवकर बसते. तयार झाल्याचा महिना बघा, सहा महिन्यांहून जुनी नको. बॅटरी जागेवर धरून ठेवणारा खालचा क्लॅम्प घट्ट आहे ना ते हलवून पाहा, कारण खड्ड्यांत सैल बॅटरीच्या प्लेटा तुटतात. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या. तिचे पैसे वजा होतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याकडे गेली तर अॅसिड गटारात ओततात.

मी रत्नागिरीत बसवलेल्या बॅटरीवर तारीख मार्करने लिहिली, बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढला आणि फोनमध्ये अठ्ठाविसाव्या महिन्याची आठवण लावली. मोफत बदलीची मुदत संपायच्या दोन महिने आधी लोड टेस्ट करून घ्यायची आहे.