मातीचं थ्रीडी प्रिंटिंग करताय? या चुका टाळा

प्रिंट होताना भांडं अर्ध्यावर खचलं की पहिला हात संगणकाकडे जातो. वेग कमी करून बघ, सेटिंग बदल, फाइल पुन्हा काढ. प्लॅस्टिकच्या प्रिंटरवर शिकलेल्यांची ही सवय लवकर जात नाही. पण नोझलमधून, म्हणजे प्रिंटरच्या बारीक तोंडातून, आलेलं प्लॅस्टिक काही क्षणांत घट्ट होतं, माती मात्र ओलीच राहते आणि वरच्या थरांचं सगळं वजन खालच्या ओल्या थरांना पेलावं लागतं. म्हणून आधी माती तपासा, मग सेटिंग.

कुंभाराच्या चाकावरची माती पाकिटातून काढून तशीच प्रिंटरच्या सिलिंडरमध्ये (माती भरायच्या नळीत) भरू नका. ती नोझलसाठी फार घट्ट असते, मोटर अडखळते. मग घाईत पाणी ओतलं जातं आणि भिंती फुगून खाली बसतात. पुरणपोळीची कणीक जितकी सैल, साधारण तितकी माती हवी: बोट सहज रुतावं, पण खड्डा आपोआप भरून येऊ नये. पाणी थोडं थोडं घालून मळा, रात्रभर झाकून ठेवा आणि माती-पाण्याचं वजन लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा अंदाजपंचे.

सिलिंडरमध्ये गोळे नुसते टाकले की मधे हवा अडकते. ती नोझलपाशी आली की फट्‌ असा आवाज येतो आणि धार तुटते. म्हणून दाबून दाबून भरा. नोझल बारीक असेल तर जाड ग्रॉगची (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली) माती वापरूच नका.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टींकडे नीट बघा. थराची उंची नोझलच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंतच ठेवा, म्हणजे 4 मिमी नोझलला 2 मिमी. दुसरं, धार मधेच थांबवून पुन्हा सुरू करणं मातीला जमत नाही. शक्य तिथे एकाच सलग धारेत, मळसूत्री चढत जाणारा आकार निवडा.

आता आकसण्याचा हिशोब. इथे भलेभले चुकतात. आपल्या मातीची एक पट्टी करा, ओली असताना तिच्यावर 100 मिमी अंतरावर दोन खुणा करा आणि नेहमीच्या तापमानाला भाजा. अंतर 88 मिमी भरलं, तर माती 12 टक्के आकसली. मग फाइलचा आकार मूळच्या 112 टक्के केला की झालं, असं वाटतं. पण 112 चे 88 टक्के होतात 98.56. शंभर मिमीचं झाकण जवळजवळ दीड मिमी कमी पडेल आणि बरणीवर डुगडुगेल. 100 ला 0.88 ने भागा: फाइल मूळच्या 113.6 टक्के हवी.

सुकवताना घाई नको. काठ आधी सुकतो, बूड ओलं राहतं आणि तडा जातो. खाली वर्तमानपत्र घाला, वरून प्लॅस्टिक सैल झाका. विदर्भातल्या उन्हाळ्यात काठ बघता बघता सुकतो. कोकणात पावसाळ्यात वरून कोरडं दिसणारं भांडं आतून ओलं असतं. ते भट्टीत गेलं की वाफेने फुटतं. भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून थांबा. भट्टी 100 अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश चढवा. 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झ या खनिजाचं आकारमान एकदम बदलतं, म्हणून तिथेही घाई नको, चढताना आणि उतरतानाही.

तरीही तडा गेलाच तर तो कुठे आहे ते बघा. थरांच्या रेषेत आडवा असेल तर थर एकमेकांना चिकटलेच नाहीत, माती सैल करा किंवा थर पातळ करा. काठावरून उभा उतरला असेल तर सुकणं असमान झालंय. बुडाला असेल तर बूड फळीला चिकटलं होतं, किंवा तळाच्या धारांमध्ये फटी राहिल्या होत्या.