पावसाळी पालेभाजीवर शेणाचा अंश येऊ देऊ नये

पावसाळ्यात कोथिंबीर, मेथी आणि पालक यांच्या पानांवर चिखल उडतो, आणि त्या चिखलात कच्चे शेण मिसळलेले असेल तर ई. कोलाय व साल्मोनेला हे जिवाणूही पानापर्यंत पोहोचतात. ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार धडधाकट गाईच्या आतड्यातही राहतो. त्याचे विष ज्या घटकाला चिकटते तो घटक गुरांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नसल्यामुळे जनावराला त्रास होत नाही. माणसाच्या मूत्रपिंडात मात्र तो भरपूर असतो. शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी रक्ताचे जुलाब होऊ शकतात आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. जनावर निरोगी आहे, एवढ्यावरून त्याचे शेण निर्धोक मानू नये.

हे जिवाणू बारीक तंतूंनी पानाला घट्ट चिकटतात, कापलेल्या देठाशी जमतात, आणि लेट्यूसवरील प्रयोगांत तर साल्मोनेला पर्णरंध्रांतून आत शिरलेला आढळला आहे. तेथे धुण्याचे पाणी पोहोचत नाही.

जीवामृत या आंबवलेल्या द्रवखताबाबत स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. त्यात ताजे शेण असते आणि गूळ-बेसनावर सर्वच जिवाणू पोसले जातात, अपायकारकही. कच्चे शेण घातल्यापासून मातीलगतच्या पिकाच्या काढणीपर्यंत १२० दिवसांचे अंतर ठेवण्याचा अमेरिकेतील सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आपली मेथी तीस-चाळीस दिवसांत निघते, म्हणजे उभ्या पालेभाजीत हे अंतर पाळणे शक्यच नाही. तेव्हा जीवामृत फळझाडांच्या आळ्यात वापरावे. पालेभाजीवर त्याची फवारणी अजिबात करू नये. पालेभाजीला पूर्ण कुजलेले खतच द्यावे: ढिगाचे तापमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहावे, त्या काळात तो किमान पाच वेळा वरखाली करावा आणि पावसापासून झाकावा.

मोडांसाठी मेथीदाणा विकणाऱ्यांनी अधिक जपावे. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले.

जुड्या ओढ्याच्या गढूळ पाण्यात बुडवू नयेत, कारण एका जुडीवरील घाण त्या पाण्यातून सगळ्यांना लागते. १०० लिटर स्वच्छ पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून, गाळ बसल्यावर वरच्या निवळीत जुड्या धुवाव्यात आणि नंतर पिण्याच्या पाण्याने खळबळून घ्याव्यात. पाणी मातकट होताच बदलावे, कारण मातीमुळे क्लोरीनचा प्रभाव संपतो. जुलाब होत असलेल्या मजुराला बरे होईपर्यंत काढणीचे व जुड्या बांधण्याचे काम देऊ नये, आणि त्या दिवसांची त्याची मजुरी कापू नये, नाहीतर तो आजार लपवील.