रोमन घरातली मोझेक फरशी कशी वाचावी

मोझेक म्हणजे छोटे खडे बसवून केलेलं चित्र किंवा नक्षी. चित्रात काय आहे, हे नंतर. आधी ते घरात कुठे आहे ते पाहा. घराचा नकाशा हाताशी ठेवा आणि खोली कोणती, दार कुठल्या बाजूला, चित्रातल्या आकृत्यांचे पाय कोणाकडे, एवढं टिपून घ्या. पाय ज्याच्याकडे, चित्र त्याच्यासाठी.

सुरुवात उंबरठ्यापासून करा. घरमालक सर्वांत स्पष्ट तिथेच बोलतो. इटलीतल्या पाँपेईत 'शोकांत कवीच्या घरा'त शिरताच साखळीला बांधलेला कुत्रा दिसतो, खाली 'कावे कानेम': कुत्र्यापासून सांभाळा. तिथल्याच 'फॉनच्या घरा'समोरच्या पदपथावर 'हावे', म्हणजे यावं. अँटिऑकच्या (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या) एका घराच्या प्रवेशाशी मोठा डोळा होता. त्यात त्रिशूळ आणि तलवार खुपसलेली, विंचू, साप, गोम, कुत्रा त्याच्यावर तुटून पडलेले, आणि ग्रीक अक्षरांत 'तूही'. वाईट नजर आणणाऱ्यावरच ती उलटवायची, हा त्याचा अर्थ.

जेवणाच्या खोलीत तीन भिंतींलगत साधी नक्षी दिसली, की तिथे रेलून जेवायचे पलंग होते असं समजा. मधल्या चौकटीत खडे बारीक होतात: भोवताली साधारण 1 सेंमी, मध्ये 4 मिमी किंवा त्याहून लहान. पैसा कुठे ओतला हे खड्यांवरून कळतं. इथे द्राक्षवेल, दोन कानांचा मद्यकलश किंवा बिबट्या आला तर डायोनिसस या मद्यदेवाचा, म्हणजे मद्याचा आणि सुबत्तेचा विचार आधी करा. एकट्या वेलीवरून मात्र निर्णय नको. दोन-तीन खुणा जुळायला हव्यात.

चार कोपऱ्यांत चार आकृत्या असतील तर ऋतू शोधा. फुलं वसंताची, ओंब्या उन्हाळ्याच्या, द्राक्षं शरदाची. इंग्लंडमध्ये चेडवर्थला हिवाळा टोपीचा झगा घालून, एका हातात ससा, दुसऱ्या हातात निष्पर्ण फांदी घेऊन उभा आहे. एक ऋतू ओळखता आला, तर झिजलेल्या कोपऱ्यांचा अंदाज बांधता येतो.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. किनारीतलं स्वस्तिक पाहून आपल्याकडचा अर्थ लावला जातो. रोमन फरशीत ते बहुतेकदा वळणावळणाच्या पट्टीचा भाग असतं. संग्रहालयात भिंतीवर टांगलेला तुकडा उभ्या चित्रासारखा वाचला जातो. तो मूळ खोलीत कसा होता ते आधी शोधा. तिसरी चूक जुन्या डागडुजीची: खड्यांचा रंग किंवा ओळींची दिशा एकदम बदलली, तर तो भाग वेगळा नोंदवा आणि अर्थ लावताना बाजूला ठेवा.