क्रूझवर दाढ ठणकली तर निदान या चुका टाळा

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली, की कर्वे रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. एक गाल सुजलेला असतो, मोबाइलमध्ये समुद्राचे फोटो असतात आणि तक्रार एकच असते, ‘‘डॉक्टर, एवढी मोठी बोट, पण दातांचे डॉक्टर नाहीत हो!’’ बोटीवर ते सहसा नसतातच. क्रूझच्या वैद्यकीय कक्षात डॉक्टर आणि परिचारिका असतात, ते वेदनाशामक देतात, इंजेक्शन देतात, गरज पडल्यास सलाइनही लावतात. परंतु दाढ उघडून आतला दाब मोकळा करण्याची सोय तेथे बहुधा नसते. त्यामुळे बोटीवरचे बरेचसे दुखणे खरे तर पुण्यातच, निघण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत टळू शकते.

माझा सर्वाधिक राग आहे तो अर्धवट सोडलेल्या रूट कॅनलवर. पहिल्या बैठकीत आम्ही दाढ उघडतो, सडलेली नस काढतो आणि तात्पुरते सिमेंट भरतो. आतला दाब गेल्यामुळे ठणका त्याच रात्री थांबतो आणि रुग्णाला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात मुळांच्या नळ्यांमध्ये जंतू शिल्लक असू शकतात, तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजून गळू लागते आणि नस काढलेली असल्यामुळे गारगरमाची कळ येऊन मिळणारी पूर्वसूचनाही मिळत नाही. कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्या बैठकीनंतर फोन करून सांगितले, ‘‘आता अजिबात दुखत नाही, सिंगापूरची क्रूझ करून येतो, मग बघू.’’ क्रूझच्या तिसऱ्या रात्री त्यांचा तुटक तुटक ऐकू येणारा व्हॉट्सअॅप कॉल आला. दाढ ठणकू लागल्यावर वहिनींनी मायेने गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला होता आणि सकाळपासून सूज गालावरून जबड्याखाली उतरली होती. मी त्यांना दोन बोटे एकावर एक ठेवून तोंडात घालायला सांगितली. जेमतेम एक गेले. घोट गिळतानाही त्रास होत होता. ‘‘पुढचे काही विचारू नका, आहात तसे बोटीवरच्या डॉक्टरांकडे जा,’’ एवढेच मी म्हणालो. त्यांना शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले, पुढच्या बंदरावर उतरवून रुग्णालयात पू काढावा लागला आणि सहल तिथेच संपली. जबड्याखालची सूज वाढली तर श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. म्हणून सूज, ताप, तोंड न उघडणे किंवा गिळायला त्रास होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अशा सुजेला शेक कधीही देऊ नये. बाहेरून रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा आणि उशी उंच घ्यावी, कारण आडवे झाल्यावर ठणका वाढतो.

दुसरी चूक टिश्यू पेपरची. पोहण्याच्या तलावाकाठी पोरे ओल्या फरशीवर धावतात, आपटतात आणि समोरचा दात मुळासकट बाहेर येतो. एका आजींनी नातवाचा असा दात ब्रश आणि टूथपेस्टने लखलखीत घासला, कोरड्या टिश्यूत गुंडाळला आणि तीन दिवसांनी माझ्या टेबलावर ठेवला. त्या बिचाऱ्यांनी सगळे प्रेमाने केले होते, पण दात पुन्हा रुजण्यासाठी मुळावरच्या ज्या नाजूक पेशी लागतात, त्या घासण्याने आणि सुकण्याने मेल्या होत्या. असा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, माती लागली असेल तर काही सेकंदच धुवावा आणि कायमचा दात असेल तर शक्यतो तेव्हाच जागेवर बसवून स्वच्छ रुमाल हलकेच चावायला द्यावा. ते धाडस होत नसेल तर थंड दुधात ठेवावा. बोटीवर दुधाची काय टंचाई? पहिला अर्धा-एक तास सोन्याचा असतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, हिरडीत वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. लवंगेचे तेलही ओतू नये, कापसाच्या बोळ्याला थेंबभर पुरते. शेजाऱ्याच्या डब्यातली उरलेली प्रतिजैविके खाऊ नयेत. नसेचा ठणका त्यांनी थांबत नाही. मी रुग्णांना पॅरासिटामॉल बरोबर ठेवायला सांगतो. आयबुप्रोफेन मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असलेल्यांनी परस्पर घेऊ नये. निघण्याच्या आदल्या दिवशी अक्कलदाढ काढून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण जखमेतली गुठळी निघून होणारी भयंकर वेदना साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे भर समुद्रात सुरू होते. प्रवास विम्यात दातांसाठी किती रक्कम आहे हे घरीच वाचावे आणि बोटीवरचे बिल व डॉक्टरांचा अहवाल मागून घ्यावा.

राहिली दातावर बसवलेली कॅप. मुंबईला बोट पकडायला निघालेली मंडळी लोणावळ्याला चिक्की घेतात आणि बंदर दिसण्यापूर्वीच कॅप हातात येते. ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवणारे महाभाग आहेत. तो गोंद तोंडासाठी नसतो आणि वाकडी बसलेली कॅप काढताना कधी कधी दातच तुटतो. कॅप धुऊन डबीत ठेवावी, त्या बाजूने चावू नये. औषधांच्या दुकानातले तात्पुरते डेंटल सिमेंट मिळाले तर तेवढ्यापुरते वापरावे, आणि कॅप सैल वाटत असेल तर रात्री काढून ठेवावी, कारण झोपेत गिळलेली कॅप चौथ्या दिवशी ‘‘स्वच्छ धुतली आहे’’ असे सांगत परत बसवून मागणारे एक काका मला भेटलेले आहेत.