स्पॉन्सर घ्या, पण व्हिडिओ आपलाच ठेवा

सातारा-सांगलीकडं आता गावागावात कुणीतरी व्हिडिओ बनवतंय, कुणी कास दाखवतंय कुणी हळदीचं रान, आणि १००० सबस्क्रायबर न् वर्षभरात ४००० तास वॉचटाइम (लोकांनी व्हिडिओ बघितलेला वेळ) झाला की यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे चालू होऊ शकतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले, पण ८ मिनिटांच्या पुढं मधे जाहिरात लावता येते म्हणून लोक ५ मिनिटांचा विषय ताणत बसतात. तसं करू नका राव, आधी एडिट संपवा मग लांबी बघा.

स्पॉन्सरची, म्हणजे पैसे किंवा वस्तू देऊन आपल्या व्हिडिओत माल दाखवायला सांगणाऱ्या कंपनीची, डील आली की रेटच्या आधी विचारा, स्क्रिप्ट कोण लिहिणार, बदल किती वेळा सांगणार, आणि आपला व्हिडिओ ते त्यांच्या जाहिरातीत किती दिवस वापरणार. सगळं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. समजा खतवाला म्हणाला "हळद दुप्पट निघाली असं बोला", तर सरळ नाही म्हणायचं, कारण बघणारे शेतकरी आहेत आणि ते तुमच्या शब्दावर पैसे घालणारेत! त्याला सांगा, लागणीपासून काढणीपर्यंत एका वाफ्यात वापरतो, जे दिसंल ते दाखवतो. असला व्हिडिओ मला तरी कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी वाटतो.

अपलोड करताना यूट्यूबवरच्या पेड प्रमोशनवर (मोबदला घेऊन केलेली जाहिरात) टिक करा, व्हिडिओत तोंडानंही सांगा. फुकट आलेली वस्तू ठेवून घेतली तर तोही मोबदलाच, एका कंपनीकडून आलेल्या अशा वस्तूंची किंमत वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेली की १० टक्के टीडीएस (देणाऱ्याकडूनच आधी कापला जाणारा कर) लागतो, तेव्हा पॅन कार्ड हाताशी ठेवा.