विक्काच्या पुस्तकांवरून विधी करताना या चुका टाळा

आधुनिक पेगन (ख्रिस्तपूर्व युरोपीय देवदेवतांना मानणाऱ्या) जादूविद्येची, विशेषतः विक्का पंथाची, मार्गदर्शक पुस्तके वाचून घरच्या घरी विधी करणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे ते पुस्तक कोणी, कोठे आणि कोणत्या साली लिहिले हे न पाहताच त्यातील सूचना पाळू लागणे. या पंथाचा छापील इतिहास फार जुना नाही. ब्रिटनमध्ये 1735चा जादूटोणाविषयक कायदा 1951 साली रद्द झाला आणि मलायातील सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ 1954 साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून गुप्तपणे टिकून राहिलेला धर्म आपण मांडत आहोत, असा त्यांचा दावा होता. त्यामागे चेटकिणी म्हणजे अशाच जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या, हा अभ्यासक मार्गारेट मरे यांचा 1921चा सिद्धांत होता, जो इतिहासकारांनी पुढे फेटाळून लावला. ब्रिस्टल विद्यापीठातील रोनाल्ड हटन यांनी 1999 साली या विधींची आधुनिक मुळे सविस्तर दाखवून दिली. गार्डनर यांच्या विधींच्या वहीत ॲलिस्टर क्राऊली या इंग्रज गूढविद्यावाद्याचे उतारे असल्याचे तर त्यांच्याच शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी ओळखले होते आणि त्यातील बराचसा मजकूर त्यांनी नव्याने लिहिला.

म्हणून पुस्तक हाती आले की आधी इतिहासाचे प्रकरण उघडावे. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या, असे त्यात छापलेले असेल, तर लेखकाने ऐकीव माहिती तपासलेली नाही असे समजावे. इतिहासकारांच्या अंदाजानुसार मृत्युदंड झालेल्यांची संख्या सुमारे 40 ते 60 हजार आहे आणि इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी जाळत नसत, फाशी देत. इतिहासात इतका निष्काळजी असलेला लेखक वनस्पतींच्या प्रकरणात काळजी घेईल, अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

दुसरी चूक सरमिसळीची. ‘विधी जमत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते. गार्डनर यांच्या परंपरेत कव्हनमध्ये, म्हणजे साधकांच्या छोट्या गटात, दीक्षा आणि तीन पायऱ्या असतात. रेमंड बकलंड यांचे 1986चे पुस्तक धड्यांच्या स्वरूपात आहे, तर स्कॉट कनिंगहॅम यांचे 1988चे पुस्तक एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. काही परंपरा काळ्या मुठीची विधीची सुरी अग्नितत्त्वाची आणि काठी वायुतत्त्वाची मानतात, तर काही नेमके उलट मानतात. दोन पुस्तकांतून अर्धे अर्धे उचलले की वेदीची मांडणीच स्वतःशी भांडू लागते. निदान एक पूर्ण वर्षचक्र एकाच पुस्तकाला धरून राहावे.

वर्षचक्राचीही गोष्ट तशीच आहे. त्यातले आठ सण ब्रिटिश बेटांच्या हवामानावर बेतलेले आहेत आणि त्यांतील ‘मेबन’ (शरद संपाताचा सण) यासारखी नावे तर 1970च्या दशकात अमेरिकेत ठेवली गेली. डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, लंडनमध्ये जेमतेम आठ तास उजेड असतो, मुंबईत जवळजवळ अकरा. त्यामुळे सूर्याच्या पुनर्जन्माचा विधी तेथे जितका अंगावर येतो तितका येथे येत नाही, यात करणाऱ्याचा दोष नाही. 1 ऑगस्टचा पहिल्या कापणीचा सण महाराष्ट्रात भर पावसात येतो, जेव्हा खरिपाचे पीक अजून वाढत असते. ऑस्ट्रेलियातील बहुतेक साधकांनी हे चक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतले आहे, आणि तेथे सूर्य उत्तरेकडून जात असल्यामुळे चार तत्त्वांना चार दिशा नेमून देताना अनेक जण अग्नीला दक्षिणेऐवजी उत्तरेस बसवतात. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी वाचकाने ब्रिटिश पुस्तक जसेच्या तसे वापरू नये. महाराष्ट्रात मात्र पश्चिमेला जलतत्त्व मानायला काही अडचण नाही, कारण समुद्र तिकडेच आहे. विधीसाठी वर्तुळ आखताना मध्य उजव्या हाताला ठेवून फिरणे म्हणजे आपली प्रदक्षिणाच, ते शिकवावे लागत नाही.

सर्वांत गंभीर चुका पदार्थांच्या आहेत. जुन्या पाककृतींतील बेलाडोना, खुरासानी ओवा, बचनाग ही नावे वाचून कोणी मलम करू नये. बचनागाचे विष त्वचेतूनही शरीरात जाते. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतील वनस्पतीच्या तेलाने यकृत निकामी होऊ शकते. स्फटिक पाण्यात ठेवून ते पाणी पिण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिसतो, परंतु मॅलाकाइटमध्ये तांबे, गॅलेनामध्ये शिसे आणि सिनाबारमध्ये पारा असतो. खडा हवाच असेल तर तो बंद बाटलीच्या बाहेर ठेवावा. धूपासाठीचा कोळसा खिडक्या बंद केलेल्या खोलीत पेटवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात मांजर असेल तर टी ट्री तेलाचा दिवा लावू नये.

प्रत्यक्ष विधी पोकळ वाटतो, ही तक्रार मात्र बहुधा हातांची असते. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात उघडे पुस्तक आणि पान उलटायला तिसरा हात नाही, अशा अवस्थेत लक्ष लागणार कसे? आवाहनाच्या चार ओळी मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून वेदीला टेकवून ठेवाव्यात, काडेपेटी वर्तुळात आधीच आणून ठेवावी आणि आदल्या दिवशी काहीही न पेटवता एक रंगीत तालीम करावी. महागडी अवजारे घेण्याची घाई नको. स्वयंपाकघरातला तांब्या जलपात्र म्हणून चालतो.

दुसऱ्यांसाठी विधी करण्याचा मोह महाराष्ट्रात तरी आवरावा. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे, किंवा साप-विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे गुन्हे आहेत. पुस्तकातला ‘आरोग्यविधी’ शेजाऱ्यासाठी पैसे घेऊन करणारा माणूस याच कायद्याच्या कक्षेत सापडू शकतो.

शेवटी कव्हनविषयी. काही जुन्या पुस्तकांत विवस्त्र विधीचा आग्रह आढळतो. गार्डनर यांची ती आवड होती, सर्व परंपरांची ती अट नाही. दीक्षेच्या बदल्यात मोठी रक्कम किंवा शरीरसंबंध मागणाऱ्या, आणि घरच्यांशी संबंध तोडायला सांगणाऱ्या गटातून पहिल्याच भेटीत बाहेर पडावे.