खारट पाण्यावर फळझाडे: मीठ मुळांपासून दूर कसे ठेवावे

कोरड्या मुलखात बोअरला मचूळ पाणी लागले की दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, या पाण्यावर काही येणार नाही, नाद सोडा. दुसरा म्हणतो, खाऱ्या पाण्यात तग धरणारे झाड लावा, ठिबक बसवा, काळजी मिटली. या दुसऱ्या सल्ल्याने बागांचे जास्त नुकसान होते. कारण पहिली दोन-तीन वर्षे झाड खरोखर बरे दिसते, आणि मग एका उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायला लागतात.

हिशेब साधा आहे. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. ईसी २.५ डेसीसायमन प्रति मीटर (पुढे नुसते डेसीसायमन) असलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण १.६ ग्रॅम क्षार असतात. एका झाडाला वर्षाला १५,००० लिटर पाणी दिले, तर त्याच्या बुडाशी २४ किलो मीठ आले. झाड पाणी शोषून घेते, ऊन पाणी उडवून नेते, मीठ बहुतेक सगळे जमिनीतच राहते. पुढच्या वर्षी आणखी २४ किलो. ते कुठे जाऊन बसते, यावर बाग ठरते. झाडाची जात, ठिबक, आच्छादन या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

पाणी तपासा, पण पूर्ण तपासा

नुसती ईसी काढून थांबू नका. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराईड, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि शक्य तर बोरॉन, एवढे आकडे हवेत. नमुना उन्हाळ्याच्या शेवटी घ्या. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना बहुधा गोड निघतो आणि त्याच्या भरवशावर बाग लावली की फसगत होते. ईसी किती क्षार आहेत ते सांगते. बाकीचे आकडे ते कोणते आहेत ते सांगतात. जमीन बिघडते की नुसते झाड त्रासते, हे त्या दुसऱ्या आकड्यांवरून कळते.

झाड निवडताना खुंटही निवडा

अमेरिकेतल्या रिव्हरसाईडच्या क्षारता प्रयोगशाळेतील मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांची क्षार सहन करण्याची कुवत एका साध्या मांडणीत बसवली. प्रत्येक पिकाला एक उंबरठा असतो. मुळांभोवतीच्या मातीची क्षारता तिथपर्यंत पोचेतो उत्पादनाला धक्का लागत नाही, त्यापुढे ते ठरावीक दराने घसरते. खजुराचा उंबरठा ४ डेसीसायमन आहे आणि पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला घट जेमतेम ३.६ टक्के. द्राक्षाचा उंबरठा १.५ आणि घट ९.६ टक्के. बदाम, पीच यांचे उंबरठेही दीड-पावणेदोनच्या आसपास, पण त्यापुढची घसरण २० टक्क्यांच्या घरात. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचे आहेत, सिंचनाच्या पाण्याचे नाहीत. पाण्याची ईसी या आकड्यांशी थेट ताडून पाहणारे लोक रोज भेटतात आणि चुकीचे झाड लावून बसतात.

खजूर सगळ्यांत कणखर. बोर, डाळिंब, अंजीर, ऑलिव्ह, पिस्ता मधल्या फळीतले. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात ऑलिव्हच्या बागा मचूळ पाण्यावर उभ्या आहेत. लिंबूवर्गीय, आंबा, ॲव्होकॅडो आणि पीच-जर्दाळूची मंडळी नाजूक. नाजूक झाड लावायचेच असेल, तर क्लोराईड वर चढू न देणारा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे रोप, घ्या: द्राक्षाला डॉगरिज किंवा सॉल्ट क्रीक, लिंबूवर्गीयांना क्लिओपात्रा संत्रा किंवा रंगपूर लिंबू. रोपवाटिकेत कलमाची जात सगळे विचारतात, खुंट कोणता आहे हे फार थोडे विचारतात. खाऱ्या पाण्यावर खुंट आधी, जात नंतर.

निचरा नसेल तर बाग लावू नका

लागवडीआधी खड्डा घेऊन त्यात पाणी भरा आणि ते किती वेळात मुरते ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, किंवा दीड-दोन मीटरवर भूजल लागत असेल, तर आधी चर नाही तर जमिनीखालून सच्छिद्र पाईप. मीठ खाली ढकलायचे तर त्याला खाली जायला वाट हवी. वाट नसली की तेच मीठ उन्हाळ्यात केशाकर्षणाने परत वर येते.

लागवड नेहमीसारखीच करा. फक्त सरी-वरंब्यावर लावत असाल तर झाड वरंब्याच्या माथ्यावर नको, उतारावर लावा; माथ्यावर मीठ साठते. पहिले वर्षभर तरी, जमल्यास दोन वर्षे, साठवलेले पावसाचे पाणी मिसळून द्या. कणखर जातीचे रोपसुद्धा कोवळेपणी नाजूकच असते.

मीठ खाली ढकलणे

आता खरी अडचण. हा टप्पा मला सगळ्यांत जास्त काळ जड गेला, आणि बहुतेक मार्गदर्शनात तो "अधूनमधून जास्त पाणी द्यावे" एवढ्यावर उरकलेला असतो. किती जास्त, कधी, कुठे, हे कोणी सांगत नाही.

किती, याचे एक सूत्र आहे. पाण्याची ईसी घ्या. झाडाला चालणारी मातीची ईसी, म्हणजे वर दिलेला उंबरठा, पाचने गुणा आणि त्यातून पाण्याची ईसी वजा करा. पाण्याच्या ईसीला या उत्तराने भागा. दिलेल्या पाण्याचा जेवढा हिस्सा मुळांच्या खाली निघून जायला हवा, तो हा. पाणी २.५ चे आणि झाड खजुराचे असेल तर २.५ भागिले १७.५, म्हणजे सुमारे १४ टक्के. झाडाची गरज १०० लिटर असेल तर ११७ द्यायचे. त्याच पाण्यावर द्राक्ष लावले तर २.५ भागिले ५, म्हणजे निम्मे पाणी नुसते मीठ वाहून न्यायला. १०० लिटरची गरज असलेल्या वेलीला २०० लिटर. कोरड्या भागात एवढे पाणी कुणाकडे असते? दहा टक्के उत्पादन सोडायची तयारी ठेवली तर द्राक्षाला २.५ ची माती चालते, हिस्सा पाव होतो आणि १३३ लिटरमध्ये भागते. हा सौदा लागवडीआधी कागदावर करा. झाड लावल्यावर तो आपल्या हातात राहत नाही.

आता कधी. रोजच्या पाण्यात थोडे थोडे वाढवून देणे पुष्कळजण सुचवतात. हलक्या, वाळूमय जमिनीत ते चालते. मध्यम आणि भारी जमिनीत माझा त्यावर विश्वास नाही: उन्हाळ्यात ते जादा पाणी खाली जाण्याआधीच मुळे आणि ऊन मिळून संपवतात, आणि त्यासोबत आलेले जादा मीठ मात्र मागे राहते. अशा जमिनीत थंडीत, झाड सुस्त असताना किंवा बहर धरण्यापूर्वी, आळी भरून मोठे पाणी द्या. मध्यम पोताच्या जमिनीत एक फूट उंचीचे पाणी एक फूट माती ओलांडून गेले की त्या थरातले साधारण ८० टक्के मीठ धुतले जाते. सलग तुंबवून ठेवू नका. पाणी द्या, मुरू द्या, दोन दिवस जाऊ द्या, परत द्या. याने कमी पाण्यात जास्त मीठ निघते आणि मुळांना हवाही मिळते. मीठ धुवायच्या नादात मुळे कुजवलेल्या बागाही असतात, तेव्हा वाफसा बघूनच, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावरच, पुढचे पाणी.

आणि कुठे. ठिबकाच्या तोटीखाली माती ओली होते तेव्हा पाणी बाहेर सरकत जाते आणि मीठ सोबत घेऊन जाते. ओलाव्याची कड जिथे थांबते तिथे मीठही थांबते. आठवडाभर ऊन पडले की त्या कडेला पांढरट, बोटाने चुरगळणारी पापडी दिसते. तिच्या आत काळसर ओली माती, बाहेर कोरडी. आतल्या भागात मुळे सुखाने असतात. तेव्हा दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. एक, झाड वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवा आणि त्यांची संख्या वाढवा, म्हणजे ओलाव्याचे गोल एकमेकांत मिसळतील. दोन सुट्या गोलांच्या मधोमध मिठाची भिंत उभी राहते आणि मूळ ती ओलांडत नाही. दोन, एकदा बाहेर नेलेली तोटी परत खोडाकडे आणू नका. पाणी वाचवायला उन्हाळ्यात तोट्या खोडाजवळ ओढणे हा सर्रास दिला जाणारा आणि अत्यंत घातक सल्ला आहे. ओलावा आकसतो आणि बाहेरची कड मुळांच्या अंगावर येते.

पांढरी पापडी दिसली की ती कुळवून मातीत मिसळू नका. खरवडून बागेबाहेर टाका.

पहिला पाऊस आला की ठिबक चालूच ठेवा

हे वाचून लोक चक्रावतात, पण पुन्हा सांगतो: पहिल्या पावसाच्या सरी पडल्या की ठिबक बंद करू नका. १०-१५ मिलिमीटरचा पाऊस वरची पापडी विरघळवतो आणि ते तीव्र खारे पाणी थेट मुळांच्या गोलात ढकलतो. मीठ पुढे खोल न्यायची ताकद त्या सरीत नसते. उन्हाळाभर हिरवेगार राहिलेले झाड पहिल्या पावसानंतर चार दिवसांत करपलेले दिसते आणि सगळे रोग शोधत बसतात. पाऊस पडत असताना आणि नंतरही ठरल्या वेळापत्रकाने ठिबक चालवा, म्हणजे आतला ओलावा बाहेर दाब ठेवतो. सुमारे ५० मिलिमीटर पाऊस होऊन गेला की मग खुशाल बंद करा. आणि पावसाळाभर आळी बांधलेली ठेवा. पावसाच्या पाण्याइतके चांगले धुणारे दुसरे पाणी नाही.

सोडियमचे पाणी असेल तर

वरचे सगळे धुणे पाणी मातीत शिरते असे धरून आहे. पाण्यात सोडियम किंवा बायकार्बोनेट जास्त असेल तर जमीन चोपण होते: ओली असताना चिकट, सुकल्यावर दगड, आणि पाणी वर तळे करून उभे. अशा जमिनीवर गोड पाणी किंवा पाऊस पडला की ती आणखी घट्ट मिटते. इथे आधी जिप्सम, मग धुणे. हा क्रम उलटा केला तर धुणे होतच नाही. पाण्याच्या अहवालात शिल्लक सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी, लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (अहवालात छापलेले क्षार मोजायचे एकक) वर असेल तर पाण्यालाच जिप्समची जोड द्यावी लागते. त्यातला एक मिलिइक्विव्हॅलंट कमी करायला १,००० लिटरमागे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. पाणी जिप्समच्या थरातून जाऊ देणारे टाके बांधले की हे आपोआप होते. नाही तर आळ्यात भुकटी टाकून वरच्या चार बोटे मातीत मिसळा.

बाकीचे

पाणी पानांवर उडू देऊ नका. तुषार सिंचन या पाण्याला बादच. खोडाभोवती जाड आच्छादन बारा महिने. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नका, त्यात क्लोराईड असते. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. शेणखत चांगले, पण अर्धे कुजलेले आणि खारट नको. तोट्या चोंदतात, आम्लाने नियमित धुवा.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि मोठ्या धुण्यानंतर, गिरमिटाने तोटीखालची आणि ओलाव्याच्या कडेची माती एक, दोन आणि तीन फुटांवरून काढा. एक भाग माती, दोन भाग गोड पाणी, ढवळून, निवळवून ईसी मोजा. हा आकडा वर दिलेल्या उंबरठ्यांशी ताडू नका, संपृक्त अर्काचा आकडा याहून बराच मोठा असतो. तो फक्त स्वतःच्याच जुन्या नोंदींशी ताडा. तिसऱ्या फुटाची ईसी पहिल्यापेक्षा जास्त असेल तर मीठ खाली जात आहे, पाणी आहे तसेच चालू ठेवा. पहिला फूट जास्त खारा निघाला तर पाणी मुळांच्या खाली पोचतच नाही: पुढच्या थंडीची वाट न बघता मोठे पाणी द्या. आणि तिन्ही फूट सारखेच जास्त खारे लागले तर बहुधा निचरा अडला आहे. मग पाणी वाढवून काही होणार नाही, चर किंवा पाईप कुठे बुजला आहे ते शोधा.